कसोटीची वही: जमा, नावे आणि तिसरा रकाना

वहीवाला (धागाकर्ता)

१९७१ च्या मार्च महिन्यात वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवले, तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो आणि आमचे बिऱ्हाड परळच्या एका चाळीत होते. वडील एका पेढीवर हिशेब लिहीत असत. त्यांच्याकडून एक कोरी खातेवही मागून घेऊन मी भारताच्या प्रत्येक कसोटीचा निकाल तिच्यात उतरवू लागलो, आणि मागचे सामने जुन्या वर्तमानपत्रांवरून भरत १९३२ च्या लॉर्ड्सपर्यंत जाऊन पोहोचलो. वहीत रकाने तीनच: जमा म्हणजे विजय, नावे म्हणजे पराभव, आणि तिसरा अनिर्णित. आज ती तिसरी वही आहे, पण रकाने तेच आहेत.

पुढे मीही आयुष्यभर हिशेबच लिहिले, त्यामुळे बाकी काढण्याची खोड जडलेली आहे. भारताची बाकी कायम उणे असायची. पहिल्या २५ कसोटी घ्या: १२ पराभव, १२ अनिर्णित आणि विजय एकच. तोही पंचविसाव्या सामन्यात, फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रासच्या चेपॉक मैदानावर, इंग्लंडविरुद्ध एक डाव आणि ८ धावांनी मिळालेला. विनू मांकड यांनी त्या सामन्यात १२ बळी घेतले, त्यांतले ८ पहिल्याच डावात ५५ धावांत. इतक्या मागून सुरुवात केलेल्या संघाची बाकी अधिक झालेली पाहायला आपण असू, असे मला वाटत नव्हते.

ती २२ सप्टेंबर २०२४ रोजी झाली. चेपॉकवरच भारताने बांगलादेशला २८० धावांनी हरवले आणि १७९ विजय, १७८ पराभव असा आकडा झाला. तो भारताचा ५८० वा सामना होता. गंमत अशी की, १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती बरोबरीत सुटलेली कसोटीही याच मैदानावर आणि याच तारखेला संपली होती. कानपूरच्या विजयाने जमेची बाजू १८० झाली. मी वहीत तांबड्या शाईने रेघ मारली, जी आमच्या व्यवसायात वर्षअखेरीसच मारायची असते.

घाई केली. न्यूझीलंडने बंगळुरूला आपल्याला ४६ धावांत गुंडाळून सामना जिंकला, मग पुण्यात जिंकून २६ ऑक्टोबरला हिशेब १८०-१८० असा शून्यावर आणला, आणि ३ नोव्हेंबरला आपल्या वानखेडेवर १४७ धावांचे लक्ष्य असताना भारत १२१ धावांत संपला. बाकी पुन्हा उणे. ९२ वर्षांनी मिळालेली आघाडी ३४ दिवस टिकली. पर्थच्या विजयाने बाकी पुन्हा शून्य झाली, तीही दोन आठवड्यांच्या आतच अ‍ॅडलेडला गेली. नोव्हेंबर २०२५ मधल्या गुवाहाटीच्या पराभवानंतर माझ्या वहीत १८५ जमा, १८८ नावे, २२४ अनिर्णित आणि एक बरोबरी, असे एकूण ५९८ सामने आहेत.

प्रश्न असा आहे की, ही बाकी काढण्यात अर्थ आहे का? भारताच्या कसोटी इतिहासाचे मोजमाप विजय वजा पराभव एवढेच धरायचे, की हिशेबाची दुसरी एखादी रीत असावी? जाणकारांची मते वाचायला आवडतील.

क्रॉस मैदान

धागा आवडला. मात्र इतका लांबचा काळ एकाच बेरजेत घालणे मला पटत नाही. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये पाचही, १९६२ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पाचही, १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये तिन्ही आणि लगेच पुढच्या हंगामात ऑस्ट्रेलियात चारही, असे परदेशातले सलग १७ सामने आपण हरलो होतो. १९६८ च्या फेब्रुवारीत पतौडींच्या संघाने ड्युनेडिनला पहिला परदेशी विजय मिळवला, तेव्हा ती रांग तुटली. आपल्या वहीतली 'नावे'ची बाजू त्या दहा वर्षांनी एवढी जड केली आहे की, आजचा संघ आजोबांचे कर्ज फेडतो आहे असेच म्हणावे लागेल.

शिवाय मायदेश आणि परदेश वेगळे करून पाहिल्याशिवाय चित्र स्पष्ट होत नाही. २०१३ पासून भारताने मायदेशात सलग १८ मालिका जिंकल्या. कोणत्याही देशाला हे जमलेले नाही. ऑस्ट्रेलियाची सर्वांत लांब रांग १० मालिकांची आहे. आपल्या मुंबईकरांना यात टोचणारी गोष्ट म्हणजे ही रांग सुरू होण्याआधीचा मालिका-पराभव २०१२ चा, इंग्लंडविरुद्धचा, आणि त्यातही वानखेडेवर पीटरसनने १८६ धावा करून व पानेसरने ११ बळी घेऊन आपल्याला दहा गड्यांनी हरवले होते. न्यूझीलंडविरुद्धच्या ज्या मालिकेने ही रांग तोडली, तीही वानखेडेवरच संपली. फिरकीला साथ देणारी खेळपट्टी मागून घ्यायची आणि समोरच्याकडे आपल्यापेक्षा चांगला फिरकी गोलंदाज निघाला की हात चोळत बसायचे, हे या मैदानावर एकदा नव्हे, दोनदा झाले आहे.

दुसऱ्या वेळचा तो फिरकी गोलंदाज तर मुंबईतच जन्मलेला. एजाझ पटेल आठ वर्षांचा असताना कुटुंबासह न्यूझीलंडला गेला. त्याने २०२१ मध्ये याच वानखेडेवर ११९ धावांत डावातले दहाही बळी घेतले होते. लेकर आणि कुंबळे यांच्यानंतर हे करणारा तो तिसराच. तो सामना आपण तरीही ३७२ धावांनी जिंकलो, कारण त्यांचा पहिला डाव ६२ धावांत आटोपला. २०२४ मध्ये मात्र त्याच्या ११ बळींनी सामनाच नेला. वानखेडेवरच्या दोन कसोटींत २५ बळी, आणि तेही पाहुण्याचे! (पाहुणा म्हणावे की माहेरवाशी, हा वेगळा प्रश्न.)

चर्नी रोड

वहीवाले, आपण तिसऱ्या रकान्याकडे दुर्लक्ष केलेत. २२४ ही संख्या जमेपेक्षाही मोठी आहे आणि नावेपेक्षाही. ज्या वहीतला सर्वांत भरलेला रकाना बाकी काढताना शून्य धरला जातो, तिची बाकी काय सांगणार?

एकच सामना सांगतो. फेब्रुवारी १९४९, ब्रेबॉर्न स्टेडियम, वेस्ट इंडीजविरुद्धची पाचवी कसोटी. मालिकेत आपण एका सामन्याने मागे होतो. जिंकायला ३६१ धावा हव्या होत्या, म्हणजे त्या काळी कोणी स्वप्नातही आणू नये असा आकडा. विजय हजारे यांनी १२२ धावा केल्या आणि शेवटी दत्तू फडकर मैदानात असताना भारत ८ बाद ३५५ वर पोहोचला. सहा धावा राहिल्या होत्या. घड्याळात अजून मिनिटभराहून जास्त वेळ होता आणि षटकही पूर्ण झालेले नव्हते, तोच पंचांनी खेळ संपल्याचे जाहीर करून बेल्स काढल्या. माझे आजोबा त्या दिवशी पूर्वेकडच्या बाकांवर होते. लोक आधी टाळ्या वाजवत राहिले, कारण खेळ संपला आहे हे बराच वेळ कोणाच्या ध्यानातच आले नाही, असे ते सांगत.

त्या सहा धावा निघाल्या असत्या, तर भारताचा पहिला कसोटी विजय तीन वर्षे आधी आणि मद्रासऐवजी मुंबईत लिहिला गेला असता. आपल्या वहीत या सामन्यापुढे काय आहे? अनिर्णित. आणि १९५४-५५ मध्ये पाकिस्तानात जे पाच कंटाळवाणे सामने झाले त्यांच्यापुढे? तेही अनिर्णितच.

तळाचा फलंदाज

चर्नी रोड यांनी स्वतःच दिलेले दुसरे उदाहरण त्यांच्या विरोधात जाते. १९५४-५५ चे पाच आणि १९६०-६१ चे पाच, असे भारत-पाकिस्तान यांचे दहाच्या दहा सामने अनिर्णित राहिले. १९६३-६४ मध्ये इंग्लंडविरुद्धची पाच सामन्यांची मालिकाही ०-० सुटली. त्याच मालिकेत मद्रासला बापू नाडकर्णी यांनी लागोपाठ २१ निर्धाव षटके टाकली. त्या डावातले त्यांचे पृथक्करण (षटके, निर्धाव षटके, धावा, बळी) ३२-२७-५-० असे आहे. सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. विक्रम म्हणून तो अजोड आहे आणि नाडकर्णींच्या टप्प्याबद्दल मला नितांत आदर आहे, पण शेवटचा आकडा शून्य आहे हे विसरू नये. कसोटी जिंकायला २० गडी बाद करावे लागतात. धावा न देणे हे त्याचे साधन आहे, साध्य नव्हे.

मुंबईच्या क्रिकेटमध्ये 'खडूस' हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. विकेट फेकायची नाही, समोरच्याला काही द्यायचे नाही. कांगा लीगच्या पावसाळी, ओल्या खेळपट्ट्यांवर ज्याने सकाळ काढली आहे त्याला त्याची किंमत कळते. पण राष्ट्रीय संघाने तो बाणा फार काळ न हरण्यापुरताच ठेवला. १९८१-८२ मध्ये वानखेडेवर मदनलाल आणि कपिलदेव यांनी पाच-पाच बळी घेऊन इंग्लंडला १०२ धावांत उखडले, आपण पहिली कसोटी १३८ धावांनी जिंकली, आणि उरलेल्या पाचही सामन्यांत ती आघाडी छातीशी धरून बसलो. मालिका १-० जिंकली हे खरे, पण ते पाच सामने पाहिलेल्यांना विचारा.

नॉर्थ स्टँड

दोन्ही बाजू वाचल्या. मला ज्या अनिर्णित सामन्याबद्दल लिहायचे आहे तो मी प्रत्यक्ष पाहिला आहे: नोव्हेंबर २०११, वानखेडे, पुन्हा वेस्ट इंडीज. पहिले चार दिवस लोक आले ते तेंडुलकरच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय शतकासाठी. तो ९४ वर बाद झाला आणि स्टँडमधली अर्धी माणसे डबे आवरून उठली. त्या वेळी वेस्ट इंडीजच्या ५९० धावांना आपले उत्तर चालू होते आणि सामना अनिर्णित राहणार हे शेंबड्या पोरालाही कळत होते. अश्विनने शतक ठोकून आपला डाव ४८२ पर्यंत नेला, तरी तो समज बदलला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी प्रग्यान ओझा आणि अश्विन यांनी वेस्ट इंडीजचा दुसरा डाव १३४ वर संपवला. ओझाला सहा, अश्विनला चार. लक्ष्य २४३. दुपारपर्यंत चर्चगेटच्या कार्यालयांतून लोक येऊन बसायला लागले होते, गळ्यात ओळखपत्रे तशीच. गडी पडत गेले, धावा होत गेल्या. शेवटच्या चेंडूला दोन धावा हव्या होत्या, आठ गडी बाद होते आणि समोर अश्विन होता. त्याने चेंडू लाँग ऑनकडे मारला, पहिली धाव घेतली, दुसरीसाठी वळला आणि धावचीत झाला.

आमच्या आजूबाजूला भांडणच जुंपले. धावसंख्या सारखी झाली, म्हणजे बरोबरी, असे निम्मे लोक म्हणत होते. बरोबरी नव्हती. कसोटीत बरोबरी व्हायची तर शेवटी खेळणाऱ्या संघाचे दहाही गडी बाद झालेले असावे लागतात. आपले नऊच बाद होते आणि वेळ संपली होती. म्हणून २४२ वर ९ बाद, सामना अनिर्णित. धावसंख्या समान असताना अनिर्णित राहिलेली ती कसोटीच्या इतिहासातली दुसरीच लढत. पहिली १९९६ मध्ये बुलावायोला झिंबाब्वे आणि इंग्लंड यांच्यात झाली होती. चेपॉकची १९८६ ची कसोटी बरोबरी ठरली ती मणिंदरसिंग शेवटचा गडी म्हणून पायचीत दिला गेला म्हणून. एका गड्याच्या फरकाने एक सामना वहीत स्वतंत्र नोंद मिळवतो आणि दुसरा २२४ जणांच्या गर्दीत जाऊन बसतो.

वहीवाले, उत्सुकतेपोटी विचारतो: आपण चेपॉकची नोंद कोठे केली आहे?

शिवाजी पार्क कट्टा

अनिर्णित सामन्यांच्या यादीत ओव्हल १९७९ राहून कसे चालेल? ४३८ चे लक्ष्य, गावसकर २२१, भारत ८ बाद ४२९, नऊ धावा कमी. आणि खडूसपणा म्हणजे केवळ भित्रेपणा असे म्हणणाऱ्यांनी जानेवारी २०२१ चे सिडनी आठवावे. विहारीच्या मांडीचा स्नायू दुखावलेला, अश्विनला पाठीमुळे वाकता येत नव्हते, तरी भारताने चौथ्या डावात १३१ षटके खेळून काढली. ती कसोटी गेली असती, तर पुढच्या आठ दिवसांत ब्रिस्बेनला ३२८ चे लक्ष्य गाठून मालिका जिंकता आली नसती. त्याच मालिकेत अ‍ॅडलेडला ३६ धावांत सर्वबाद होण्याचा नीचांकही आपण केला होता, आणि पुढच्याच सामन्यात मेलबर्नला रहाणेने ११२ धावा करून संघ उभा केला होता.

तळाचा फलंदाज

सिडनी मान्य. १९६०-६१ अजूनही मान्य नाही.

ओव्हल ते ओव्हल

एक छोटी नोंद. वानखेडेच्या नावावर आणखी एक विक्रम होता, तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेला. नोव्हेंबर २००४ मध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला येथे १३ धावांनी हरवले होते: आपण १०४ आणि २०५, ते २०३ आणि ९३. १०७ चे लक्ष्य त्यांना पेलले नाही. मायकेल क्लार्कने त्याआधी ९ धावांत ६ बळी घेतले होते, यावरून खेळपट्टी काय लायकीची होती ते समजावे. धावांच्या हिशेबात भारताचा तो सर्वांत निसटता विजय होता. लंडनच्या ओव्हलवर सिराजने शेवटचा गडी टिपून ६ धावांनी सामना जिंकून दिला आणि वानखेडेचा आकडा दुसऱ्या क्रमांकावर गेला. मला दोन्ही विजय सारखेच प्रिय आहेत, पण खेळपट्टी पाहता ओव्हलचा अधिक सच्चा वाटतो.

नेरूळ

'भारताचा कसोटी इतिहास' असे शीर्षकाखाली म्हणताना सर्वांनी एकच संघ गृहीत धरला आहे, म्हणून लिहिते आहे. महिला संघाचा पहिला कसोटी विजय १९७६ मध्ये पाटण्याला वेस्ट इंडीजविरुद्ध झाला. त्यानंतर या संघाला कसोटी सामने इतके तुरळक मिळाले की, कित्येक खेळाडूंची सारी कारकीर्द हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढ्या सामन्यांत संपली. तेथे बाकी काढायची कशाची?

तरीही डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर या संघाने इंग्लंडला ३४७ धावांनी हरवले, आणि महिला कसोटीत धावांच्या फरकाने मिळालेला तो सर्वांत मोठा विजय ठरला. दीप्ती शर्माने पहिल्या डावात ७ धावांत ५ बळी घेतले. त्यानंतर आठच दिवसांनी वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला कसोटीत प्रथमच हरवले, ८ गडी राखून. पुढच्या जूनमध्ये चेन्नईला ६ बाद ६०३ धावा उभारल्या, ज्या महिला कसोटीतल्या सर्वोच्च आहेत. शफाली वर्माच्या त्यांत २०५. नेरूळला तिसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊन गेले होते आणि जेवणाची वेळ होण्याआधीच सामना संपला. डबा आम्ही लोकलमध्ये खाल्ला.

वहीवाला (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. नॉर्थ स्टँड यांच्या प्रश्नाने मला काल रात्री दुसरी वही काढायला लावली. १९८६ ची ती बरोबरी मी त्या दिवशी तिसऱ्या रकान्यातच लिहिलेली निघाली. पुढे केव्हातरी बेरीज जुळेना, तेव्हा पेन्सिलने गोल करून बाजूला 'टाय' असे लिहिले आहे. हिशेबनिसाला न शोभणारी चूक आहे, पण आता खोडणार नाही.

क्रॉस मैदान यांचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. मायदेश आणि परदेश वेगळे मांडायला हवेत हे खरे. जुनी वर्षे वजा करावीत हे मात्र खरे नाही. ती १७ पराभवांची रांग ज्यांनी सोसली त्यांतलेच काही जण १९७१ च्या संघात होते, आणि गावसकरांच्या पहिल्याच मालिकेतल्या ७७४ धावांची किंमत त्या रांगेमुळेच वाढते. जुने येणे-देणे सोडून नवी वही उघडायची सोय व्यापाऱ्याला असते, संघाला नसते.

तिसऱ्या रकान्याबद्दल चर्नी रोड यांचे म्हणणे मात्र मला निरुत्तर करून गेले. तळाचा फलंदाज यांचेही चूक नाही. म्हणजे या रकान्यात दोन निरनिराळ्या जातीचे सामने आहेत आणि मी ५० वर्षे त्यांची एकच बेरीज करत आलो. आजपासून प्रत्येक अनिर्णित सामन्यापुढे एका ओळीचा शेरा लिहायचे ठरवले आहे: किती धावा किंवा किती गडी राहिले, आणि कोणाचे. ब्रेबॉर्न १९४९ पुढे 'सहा धावा, वेळ शिल्लक' असे लिहून झाले आहे. वानखेडे २०११ पुढे 'एक धाव, एक गडी'. १९५४-५५ च्या पाच सामन्यांपुढे पाच रेघा ओढल्या.

नेरूळ यांच्यासाठी: महिला संघाची वही माझ्याकडे नाही, ही माझी उणीव आहे. १९७६ पासूनची सर्व धावपत्रके आपल्याकडे असतील तर कृपया कळवावे. दादरच्या नेहमीच्या दुकानातून काल एक नवी खातेवही आणून ठेवली आहे.

नेरूळ

सगळी नाहीत, पण बरीच आहेत. पाटण्यापासून सुरुवात करू या. आणि काका, या वेळी बरोबरीसाठी चौथा रकाना आधीच आखून ठेवावा.